मतदानसक्ती कुणाच्या पथ्यावर पडली? क्वीन्सलँडची १९१५ ची निवडणूक

जुनी_पाने (धागालेखक)

ऑस्ट्रेलियात मतदान न करणाऱ्याला दंड होतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. मात्र ही सक्ती त्या देशात प्रथम कुठे आली, ती कोणी आणली आणि आणणाऱ्याच्या पदरात काय पडले, याविषयी बोलणे क्वचितच होते. गेले काही महिने मी त्या काळाविषयी वाचत आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

२२ मे १९१५ रोजी, शनिवारी, क्वीन्सलँड राज्याच्या विधानसभेच्या ७२ जागांसाठी मतदान झाले. त्या वेळी डिगबी डेनहॅम हे लिबरल पक्षाचे प्रीमियर, म्हणजे आपल्या अर्थाने मुख्यमंत्री, होते. मूळचे शेतमालाचे व्यापारी असलेले हे गृहस्थ १९११ पासून सत्तेवर होते आणि १९१२ च्या निवडणुकीत त्यांनी ४६ जागा जिंकून लेबर पक्षाला २५ वर रोखले होते. तीन वर्षांनी आकडे जवळजवळ उलटे झाले. लेबरला ४५ जागा मिळाल्या, लिबरलांना त्याच्या निम्म्याही टिकवता आल्या नाहीत आणि खुद्द डेनहॅम ऑक्सली या स्वतःच्या मतदारसंघात पराभूत झाले. १ जून रोजी थॉमस जोसेफ रायन यांच्या नेतृत्वाखाली लेबरचे सरकार आले.

या उलथापालथीतली खरी गंमत अशी की, निवडणुकीच्या काही महिने आधी डेनहॅम यांच्याच सरकारने मतदान सक्तीचे करणारा कायदा संमत करून घेतला होता. सबळ कारणाशिवाय मत न देणाऱ्याला दोन पौंडांपर्यंत दंड होऊ शकत होता. ऑस्ट्रेलियातच नव्हे, तर साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात असा नियम लावून झालेली ही पहिली संसदीय निवडणूक होती. सत्तारूढ पक्षाचा हिशेब असा होता: कामगार संघटनांकडे कार्यकर्त्यांची फौज आहे, ती आपल्या माणसांना घराघरांतून काढून मतदान केंद्रावर नेते, आपला मतदार मात्र सुखवस्तू, विखुरलेला आणि आळशी आहे, तेव्हा त्याला कायद्यानेच घराबाहेर काढावे. लेबरच्या गोटात मतदानाला येणारे सगळे आधीच येत असल्यामुळे सक्तीने होणारी वाढ आपल्याच पेटीत पडेल, अशी त्यांची अटकळ होती. मतदानाचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांपर्यंत चढले खरे, पण लेबरला एकूण मतांपैकी सुमारे ५२ टक्के मते मिळाली.

डेनहॅम यांना कामगार संघटनांची एवढी धास्ती का वाटत होती, हे समजण्यासाठी १९१२ सालच्या जानेवारीत जावे लागते. ब्रिस्बेनच्या ट्राम कंपनीतील कामगारांनी संघटनेचा बिल्ला लावून कामावर येण्यास सुरुवात केली, तेव्हा कंपनीने त्यांना कामावरून दूर केले. एवढ्याशा बिल्ल्यावरून निघालेली ठिणगी महिनाअखेरीस शहरव्यापी संपापर्यंत पोहोचली. २ फेब्रुवारीला मोर्चाची परवानगी नाकारण्यात आली आणि पोलिसांनी लोकांवर लाठ्या चालवल्या. तो दिवस तिथे ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. सत्तरी ओलांडलेल्या एमा मिलर या त्या दिवशी स्त्रियांच्या जथ्याच्या पुढे होत्या आणि त्यांनी टोपीची पिन पोलीस आयुक्तांच्या घोड्याला टोचल्यामुळे आयुक्त खाली आले, अशी कथा सांगितली जाते. संप फसला. डेनहॅम यांनी त्याचाच बागुलबुवा उभा करून एप्रिलमध्ये निवडणूक जिंकली. मात्र संपात हरलेले लोक निवडणुकीच्या कामाला लागतात, हे त्यांनी नीट ओळखले होते आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी ही सक्ती शोधली.

माझा मुद्दा एवढाच आहे की, निवडणुकीचे नियम आपल्या सोयीने बदलणाऱ्याला आपल्या न येणाऱ्या मतदाराचे मन माहीत असते असे नाही. जो घरी बसतो तो आपलाच, हे गृहीतक डेनहॅम यांना महागात पडले. जाणकारांनी भर घालावी.

कोरा_कागद

लेख आवडला, परंतु मुख्य निष्कर्षाशी मी सहमत नाही. मतदानसक्तीमुळे डेनहॅम पडले, हे वाक्य ऐकायला खुसखुशीत आहे, म्हणून ते सर्वत्र लिहिले जाते. तुम्ही दिलेलेच आकडे घेऊन हिशेब करून पाहू.

यादीत शंभर मतदार आहेत असे धरू. १९१२ मध्ये त्यांतील ७५ आले, १९१५ मध्ये ८८ आले, म्हणजे सक्तीने आणलेले १३. लेबरला ८८ पैकी ५२ टक्के, म्हणजे साधारण ४६ मते मिळाली. हे नवे तेरा जण दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे गेले असे मानले, तर उरलेल्या ७५ जणांत लेबरची सुमारे ३९ मते उरतात आणि तेही ५२ टक्केच भरतात. याचा अर्थ सक्ती नसती तरी लेबर जिंकलीच असती. सक्तीमुळे निकाल फिरला असे म्हणायचे असेल, तर तेरापैकी नऊ तरी लेबरकडे गेले असे सिद्ध करावे लागेल. तेव्हा कुठे जुन्या ७५ मध्ये लेबर निम्म्याच्या किंचित खाली येते. असे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन आपल्यापाशी नाही, कारण मत गुप्त असते.

मग निकाल का फिरला? एक तर १९१४-१५ चा दुष्काळ. त्यात जनावरे मेली आणि गव्हाचे पीक बुडाले. दुसरे म्हणजे युद्ध. ब्रिटिश सैन्याला मांस पुरवण्यासाठी क्वीन्सलँडचे मांस राखून ठेवण्याची व्यवस्था झाली आणि जिथे माणसांपेक्षा गुरे कितीतरी अधिक, त्या राज्यात मांसाच्या महागाईवरून बायाबापड्या ओरडू लागल्या. सप्टेंबर १९१४ मध्ये झालेली देशपातळीवरील निवडणूकही लेबरने जिंकली होती आणि तेव्हा कसलीही सक्ती नव्हती. वारा आधीच फिरला होता. डेनहॅम यांनी शिडाची दोरी चुकीची ओढली असेलही, पण होडी उलटली ती वाऱ्यामुळे.

जुनी_पाने

कोरा_कागद, हिशेब बिनतोड आहे आणि मी ‘पडले ते सक्तीमुळेच’ अशा अर्थाचे जे सुचवले, ते मागे घेतो. तरी माझ्या मूळ मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. लिबरलांची अपेक्षा तेरापैकी निदान आठ-नऊ आपल्याकडे येतील अशी होती. तसे घडले असते, तर वारा काहीसा अडला असता आणि लेबरचे ४५ चे भक्कम बहुमत दिसले नसते. सक्तीने त्यांना बुडवले नाही, पण ज्या फळीवर ते तरंगणार होते ती फळी पोकळ निघाली, असे म्हणतो.

शेवाळलेली_पायरी

एक शंका आहे. रायन नावाचे कामगारनेते १८९२ मध्येच बार्कू मतदारसंघातून निवडून आले होते असे वाचल्याचे आठवते. तेच हे का? तसे असेल तर १९१५ पर्यंत त्यांचे वय बरेच झाले असणार.

जुनी_पाने

हा घोळ अनेकांचा होतो आणि माझाही झाला होता. ते दोन वेगळे गृहस्थ आहेत. दोघांचेही नाव थॉमस जोसेफ रायन आणि दोघांचाही मतदारसंघ बार्कू! पहिले रायन मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या कामगारांमधले. १८९१ चा त्या कामगारांचा प्रचंड संप मोडून काढण्यात आला, त्यानंतर १८९२ च्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले आणि फार काळ राजकारणात राहिले नाहीत. दुसरे रायन, म्हणजे आपले १९१५ चे प्रीमियर, १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात जन्मले. ते आधी शिक्षक होते, मग रॉकहॅम्प्टनला वकिली करू लागले आणि १९०९ पासून बार्कूचे आमदार झाले. कातरणीवाल्यांच्या जागेवर वकील आला, हा बदलच लेबर पक्षाच्या त्या वीस वर्षांच्या वाटचालीविषयी बरेच सांगून जातो.

त्याच बार्कूच्या मुलखात बार्काल्डिन हे गाव आहे. संपकरी तिथल्या रेल्वे स्थानकासमोर ज्या झाडाखाली जमत, ते झाड ‘ज्ञानवृक्ष’ म्हणून जपले गेले होते. २००६ मध्ये कोणीतरी त्याला विष घातले आणि ते वठले.

ओघात आणखी एक सांगतो. कामगार पक्षाचे जगातील पहिले सरकारही याच क्वीन्सलँडमध्ये डिसेंबर १८९९ मध्ये आले होते. अँडरसन डॉसन यांचे ते अल्पमतातील सरकार आठवडाभरात कोसळले. त्यामुळे १९१५ चे महत्त्व ‘पहिले’ म्हणून नाही, तर स्वबळाचे बहुमत आणि ते वापरण्याची तयारी दोन्ही एकदम आल्यामुळे आहे.

उंबरठा

चर्चा रंगते आहे, पण शंभरपैकी ८८ असे म्हणताना ते शंभर कोण होते, हे कोणीच विचारलेले नाही.

क्वीन्सलँडच्या १९०५ च्या कायद्याने स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि १९०७ च्या निवडणुकीत त्यांनी प्रथम मतदान केले. त्याच कायद्यात ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, आशिया आणि प्रशांत महासागरातील बेटे यांच्या मूळ रहिवाशांचे नाव मतदारयादीत घालता येणार नाही, असेही कलम होते. पूर्वी मालमत्तेच्या आधारे अशा काहींना मत मिळू शकत असे; तीही फट बंद झाली. तेव्हा ज्या वर्षी गोऱ्या नागरिकाला मत न दिल्याबद्दल दंडाची भीती घातली गेली, त्याच वर्षी त्या भूमीच्या मूळ मालकांना मत देण्याचीच मनाई होती. आदिवासींना राज्याच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९६५ मध्ये, आणि क्वीन्सलँड हे मताधिकार देणारे शेवटचे राज्य ठरले.

आता आपल्याशी संबंध येतो तो असा. उत्तर क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात आणि फेरीच्या धंद्यात हिंदी माणसे होती, मुख्यतः पंजाबी. ती ब्रिटिश प्रजा असूनही ‘आशियाचे मूळ रहिवासी’ या शब्दांत अडकली. डेनहॅम सरकारने १९१३ मध्ये ऊसलागवडीविषयी कायदा करून बिगरगोऱ्यांना श्रुतलेखनाच्या परीक्षेच्या चाळणीतून पाठवले. याबाबत लेबरला झुकते माप देण्याचे कारण नाही. गोऱ्या मजुरांची मक्तेदारी हा तर त्या पक्षाचाच आवडता कार्यक्रम होता. कामगारांचे राज्य आले म्हणून ऊसमळ्यातल्या हिंदी माणसाच्या आयुष्यात मताच्या बाबतीत काही फरक पडला नाही.

हा प्रश्न धसास लावला तो पुण्याच्या भारत सेवक समाजाच्या अध्यक्षांनी. नामदार गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, म्हणजे या निवडणुकीच्या तीनच महिने आधी गेले आणि त्यांच्यामागे संस्थेची धुरा व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आली. १९२१ च्या साम्राज्य परिषदेने वसाहतींत स्थायिक झालेल्या हिंदी लोकांना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत असा ठराव केला. त्याचा पाठपुरावा करण्यासाठी शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा या देशांच्या दौऱ्यावर गेले. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यात १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील रहिवाशांपुरती दुरुस्ती झाली. क्वीन्सलँडने मात्र १९३० पर्यंत वाट पाहायला लावली.

शास्त्रींच्या पद्धतीविषयी त्या काळीही टीका झाली; अर्ज-विनंत्यांचे राजकारण म्हणून तिची हेटाळणी झाली. कदाचित ती रास्तही असेल. पण मूठभर माणसांच्या नावांसाठी एवढा लांबचा प्रवास करून परक्या मंत्र्यांची दारे ठोठावणे मला आजही लहान गोष्ट वाटत नाही.

कोरा_कागद

उंबरठा, हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच मोलाचा आहे. माझ्या ‘शंभर’ची व्याख्या अपुरी होती, हे मान्य. आणखी एक तपशील जोडतो. स्त्रियांना १९०५ मध्ये मत मिळाले, तरी आमदारकीसाठी उभे राहण्याचा हक्क त्यांना १९१५ मध्ये मिळाला, आणि राज्याच्या विधानसभेत पहिली स्त्री, आयरीन लाँगमन, पोहोचली ती १९२९ मध्ये. हक्क कागदावर येणे आणि उमेदवारी हाती पडणे यांत चौदा वर्षे गेली.

नदीकाठ

मी गेली अकरा वर्षे ब्रिस्बेनमध्ये राहतो आणि नागरिकत्व घेतल्यापासून इथे मतदान करतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो. पहिली अशी की, इथे सक्ती कोणालाही सक्ती वाटत नाही. मतदान शनिवारी असते, शाळेच्या आवारात केंद्र असते, बाहेर पालक-शिक्षक मंडळी पावात सॉसेज घालून विकत असतात आणि रांगेतले लोक त्या वासानेच निम्मे खूश झालेले असतात. न आल्यास नोटीस येते, कारण कळवावे लागते, अन्यथा दंड भरावा लागतो. माझ्या शेजारच्या आजोबांना मी एकदा विचारले की, तुम्हाला हा जुलूम वाटत नाही का. ते म्हणाले, कर भरताना कोण विचारते?

दुसरी गोष्ट सभागृहाची. इथल्या संसद भवनात पाहुण्यांना घेऊन गेलो की, एक लालसर सजावटीचे भव्य दालन दाखवतात. ते एके काळी वरिष्ठ सभागृहाचे होते, आता समारंभांसाठी वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या सहा राज्यांपैकी फक्त क्वीन्सलँडमध्ये वरिष्ठ सभागृह नाही, आणि ते नसण्याची मुळे तुमच्या याच १९१५ च्या निवडणुकीत आहेत. धागालेखकांनी त्यावर लिहावे, अशी विनंती.

जुनी_पाने

नदीकाठ, तो भाग स्वतंत्र धाग्यासाठी राखून ठेवला होता, पण आता विषय निघालाच आहे तर इथेच लिहितो. कारण माझ्या मते निवडणुकीचा निकाल मे १९१५ मध्ये फक्त अर्धा लागला, उरलेला अर्धा लागायला सात वर्षे गेली.

क्वीन्सलँडचे वरिष्ठ सभागृह लोकांनी निवडलेले नव्हते. गव्हर्नर सरकारच्या सल्ल्याने सभासद नेमत आणि ते तहहयात असत. बहुतेक जण मोठे पशुपालक, व्यापारी, वकील अशा वर्गातले, आणि लेबरचे त्यात अगदी मोजके लोक. रायन यांच्या सरकारने एकामागून एक विधेयके आणली. त्यांत कामगारांना अपघाताची भरपाई, औद्योगिक लवाद, सरकारी विमा अशा गोष्टी होत्या. त्यांतली काही झगडून पदरात पडली, काहींची चिरफाड झाली, काही वरच्या मजल्यावरच मेली.

तेव्हा सरकारने १९०८ चा एक कायदा शोधून काढला. वरिष्ठ सभागृहाने विधेयक दोनदा फेटाळल्यास ते थेट लोकांपुढे सार्वमताला ठेवता येईल, अशी त्यात तरतूद होती. रायन यांनी त्या सभागृहाच्याच बरखास्तीचा प्रश्न ५ मे १९१७ रोजी लोकांपुढे ठेवला. जनतेने नकार दिला: बाजूने सुमारे १ लाख १६ हजार, विरोधात सुमारे १ लाख ७९ हजार. ज्या मतदारांनी दोन वर्षांपूर्वी लेबरला डोक्यावर घेतले, त्यांनीच लेबरची ही मागणी झिडकारली. हा मतदार कोणाच्याच खिशात नव्हता, हे डेनहॅम यांच्यानंतर रायन यांनाही कळले.

दुसरा मार्ग होता सभागृहात आपली माणसे भरण्याचा. गव्हर्नर गूल्ड-अ‍ॅडम्स त्याला तयार नव्हते. त्यांची मुदत संपली आणि १९२० च्या सुरुवातीला विधानसभेचे माजी सभापती विल्यम लेनन, जे स्वतः लेबरचे, ते लेफ्टनंट गव्हर्नर झाले. तोवर रायन केंद्रीय राजकारणात गेले होते आणि टेड थिओडोर प्रीमियर होते. लेनन यांनी चौदा नवे सभासद नेमले. आपलेच सभागृह बुडवण्याचे वचन देऊन आलेले म्हणून या सभासदांना ‘आत्मघाती पथक’ म्हणत. २६ ऑक्टोबर १९२१ रोजी वरिष्ठ सभागृहाने स्वतःच्या बरखास्तीचे विधेयक संमत केले आणि मार्च १९२२ मध्ये राजाची संमती मिळून ते इतिहासजमा झाले.

जनतेने सार्वमतात नको म्हटलेली गोष्ट अशा रीतीने करणे नैतिक होते का, हा प्रश्न मला सुटलेला नाही. १९१८ आणि १९२० अशा दोन निवडणुका लेबरने मधल्या काळात जिंकल्या होत्या, त्यामुळे जनादेश होता असे म्हणता येते. पण नेमका त्याच प्रश्नावर घेतलेला कौल विरोधात होता, हेही खरे.

तळटीप

नैतिकतेपेक्षा मला परिणाम मोठा वाटतो. वरिष्ठ सभागृहाचा काटा निघताच सरकारला कोणीच रोखणारे राहिले नाही, आणि लेबरने १९२९ ते १९३२ ही तीन वर्षे वगळता १९५७ पर्यंत सलग राज्य केले. पुढे दुसऱ्या बाजूचे सरकार आले, तेव्हा त्यांनाही हे एकच सभागृह फार सोयीचे वाटले. मोडलेला अडसर कोणीच पुन्हा बसवत नाही.

आपल्याकडे विधान परिषद हवी की नको, यावर दर काही वर्षांनी वाद झडतो. राज्यघटनेच्या १६९ व्या अनुच्छेदानुसार विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केला, तरी निर्णय संसदेचा असतो. त्यामुळे क्वीन्सलँडसारखे ‘आत्मघाती पथक’ मुंबईत उभे करण्याची सोय नाही. राज्यपालनियुक्त बारा सदस्यांचा वाद आपण अलीकडेच पाहिला. नेमणुकीची किल्ली ज्याच्या हाती, त्याचे घर, हे लेनन यांच्या नेमणुकीपासून इथवर सारखेच दिसते.

कोरा_कागद

रायन सरकारचे कौतुक चालू आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू. महागाईवर उपाय म्हणून त्यांनी नोव्हेंबर १९१५ मध्ये ब्रिस्बेनला सरकारी मांसविक्रीचे दुकान उघडले आणि नंतर अशी दुकाने गावोगावी निघाली. पाठोपाठ सरकारी गुरांची कुरणे, लाकडाच्या गिरण्या, मासळीचे दुकान, अगदी बाबिंडा गावी सरकारी हॉटेलही. मांसाच्या दुकानांनी गिऱ्हाइकांना खरोखर स्वस्त माल दिला. पण कुरणांचा व्यवहार गोमांसाचे भाव पडल्यावर बुडीत निघाला आणि चिलागो येथील खाणी व धातू गाळण्याचा कारखाना हा तर पांढरा हत्ती ठरला. त्याच्याशी जोडलेल्या मंगाना खाणींच्या खरेदीवरून १९३० मध्ये शाही चौकशी आयोगाने थिओडोर यांच्यावर ठपका ठेवला. पुढच्या वर्षी दिवाणी दाव्यात ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी त्यांच्या कारकिर्दीचे नुकसान व्हायचे ते झाले. सरकारने दुकान चालवावे का, याचे उत्तर त्या राज्याने दोन्ही प्रकारे देऊन ठेवले आहे.

नदीकाठ

सक्तीच्या भरतीचा विषय आला नाही, म्हणून सांगतो. पहिल्या महायुद्धात सक्तीने सैन्यभरती करावी की नाही यावर पंतप्रधान ह्यूज यांनी १९१६ आणि १९१७ असे दोनदा जनमत घेतले, आणि १९१७ मध्ये उघड विरोध करणारे रायन हे एकमेव राज्यप्रमुख होते. त्यांच्या भाषणातील मजकूर सेन्सॉरने कापला, तेव्हा त्यांनी तो विधानसभेत वाचून दाखवला, म्हणजे सभावृत्तांतात छापून येईल. ह्यूज यांनी २६ नोव्हेंबर १९१७ च्या रात्री सैनिक पाठवून ब्रिस्बेनच्या सरकारी छापखान्यातून त्या वृत्तांताच्या प्रती जप्त केल्या. एका लोकनियुक्त विधानसभेचे कामकाज देशाच्याच पंतप्रधानाने उचलून नेले!

त्यानंतर तीनच दिवसांनी वॉरिक रेल्वे स्थानकावर ह्यूज यांच्या टोपीवर अंडे बसले. त्यांनी तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला अंडे मारणाऱ्याला अटक करण्याचा हुकूम दिला, तर तो म्हणाला की, मी क्वीन्सलँडचे कायदे मानतो. संतापलेल्या ह्यूज यांनी लगोलग केंद्राचे स्वतंत्र पोलीस दल उभे केले. दुसऱ्या जनमतातही लोकांनी सक्तीची भरती नाकारली.

शेवाळलेली_पायरी

मतदानाची सक्ती मान्य आणि भरतीची सक्ती अमान्य, असा हा मतदार दिसतो. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदानसक्तीचा कायदा केला होता, त्याला २०१५ मध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, हे यानिमित्ताने आठवले. ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँडचा कित्ता देशभर कधी गिरवला?

जुनी_पाने

१९२४ मध्ये, आणि तेही एका खासगी विधेयकाद्वारे. १९२२ च्या केंद्रीय निवडणुकीत मतदान साठ टक्क्यांच्याही खाली गेले होते. टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी विधेयक मांडले आणि ते फारशा चर्चेविना संमत झाले. १९२५ मध्ये मतदान ९१ टक्क्यांवर गेले. ती निवडणूक लेबर हरली. कोरा_कागद यांच्या हिशेबाला याहून चांगली पुष्टी सापडणार नाही.

शेवटी रायन यांच्याविषयी राहिलेले सांगतो. केंद्रात त्यांच्याकडे भावी पंतप्रधान म्हणून पाहिले जात होते. १९२१ च्या हिवाळ्यात आजारी असतानाच ते पोटनिवडणुकीच्या प्रचारासाठी क्वीन्सलँडच्या पश्चिम भागात गेले, आणि १ ऑगस्ट रोजी बार्काल्डिन येथेच, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने वारले. वरिष्ठ सभागृहाने स्वतःच्या बरखास्तीवर शिक्कामोर्तब केले, तेव्हा त्यांना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्यांचा पुतळा ब्रिस्बेनच्या क्वीन्स गार्डन्समध्ये आहे. नदीकाठ, कधी त्या बाजूला गेलात तर छायाचित्र इथे जरूर डकवा.